दोरी, पत्ते आणि सापशिडी: ‘सामाजिक न्याय’ची पेटी वर्गात उघडून बघितली

आधी खरेदीचं सांगते. ‘सामाजिक न्याय’ शिकवायच्या खेळांची ही पेटी ४,८०० रुपयांना पडली, जीएसटी वेगळा. पुण्याहून एक प्रशिक्षक येऊन पहिला दिवस घेऊन देतात, त्याचे १२,०००, शिवाय जाण्यायेण्याचं भाडं आणि जेवण. पैसे अर्थातच कॉलेजचे. मी तासिका तत्त्वावर राज्यशास्त्र शिकवते. तास झाला तर पैसे, दिवाळीची सुट्टी लागली की तासही नाही आणि पैसेही नाहीत, आणि मार्च उजाडला की पुढच्या वर्षी बोलावतील की नाही याची वाट बघायची. अशा बाईच्या हातात ‘चला, विषमता समजून घेऊ या’ असं छापलेली पेटी देण्यातली गंमत प्राचार्यांच्या लक्षात आली नसावी. स्टाफरूममध्ये बाकी सगळ्यांच्या आली.

विकणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. असे संच आता बरेच जण विकतात आणि आतला माल उन्नीस-बीस तोच असतो. तुमच्या कॉलेजात आली तर वर्णनावरून ओळखालच.

आमच्याकडे ती आली दोन कारणांनी. नव्या शैक्षणिक धोरणात मूल्यशिक्षणाचे दोन क्रेडिट आलेत, ते कोणी शिकवायचे याची टोलवाटोलवी होऊन ते माझ्यावर आले. आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या, सातव्या निकषात ‘उत्तम पद्धती’ नावाचा रकाना असतो, त्याला फोटो लागतो. फोटोत दोरी छान दिसते.

हो, पेटीत दोरी आहे. पांढरी, सुती, वीस मीटर. ‘पाऊल पत्ते’ साठ, ‘भूमिका पत्ते’ चोवीस, कोरे पत्ते तीस, सहा पोस्टर, सापशिडीसारखा एक पट, सोंगट्या, मार्गदर्शिका. फासा नव्हता. तो आजतागायत आलेला नाही. व्हॉट्सअॅपवर ‘लवकरच पाठवतो ताई’ हा निरोप चार वेळा आला. शेवटी मी भुसावळला आमच्या गल्लीतल्या दुकानातून लुडोचा फासा दहा रुपयांना आणला.

पहिला दिवस फेब्रुवारीतला. प्रशिक्षक तरुण, भला माणूस, शर्ट खादीचा. वर्ग शेहेचाळीसचा. तापीकाठची पाटील-चौधरींची पोरं, सातपुड्याच्या पायथ्याकडून येणारी पावरा, भिल्ल आणि तडवी ही आदिवासी मुलं, गावातल्या मोहल्ल्यातल्या पाच-सहा मुली, बौद्धवाड्यातले, कोळीवाड्यातले. दहावीला कोणाला किती होते यापासून कोणाच्या बापावर सोसायटीचं किती देणं आहे इथपर्यंत सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मैदानात दोरी अंथरली. सगळे एका ओळीत, तोंड एका बाजूला. प्रशिक्षक पत्ता वाचणार, लागू असेल त्याने एक पाऊल पुढे किंवा मागे. ‘आईवडिलांपैकी कोणी पदवीधर असेल तर एक पाऊल पुढे.’ ‘शाळेत असताना मजुरीला जावं लागलं असेल तर एक पाऊल मागे.’ हा खेळ मूळ अमेरिकेतल्या कॉलेजांतला आहे. गोऱ्या माणसाला जन्मतः काय काय फुकट मिळतं याची यादी पेगी मॅकिंटॉश या बाईंनी १९८८-८९च्या सुमाराला केली, आणि तो विचार पुढे असा मैदानावर उतरला. तिकडे त्याचा उपयोग होत असेल. एकमेकांना न ओळखणारी मुलं, बरीचशी सुखवस्तू, त्यांना पहिल्यांदाच कळत असेल की शेजारचा कुठून आला आहे.

आमच्याकडे कोणाला काय कळायचं होतं?

‘तुमच्या घरी एसी असेल तर एक पाऊल पुढे.’ दोघं सरकले. जळगावात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, आमच्याकडचा प्रश्न एसीचा नसतो. कूलर असतोच, निदान शेजाऱ्याचा तरी. रात्री दोन वाजता कूलरमध्ये पाणी भरायला कोण उठतं, हा प्रश्न लिहिला असता तर सगळ्या मुली एका बाजूला आणि सगळी मुलं दुसऱ्या बाजूला गेली असती, जात-धर्म काही न बघता. पण पत्ते लिहिणाऱ्याला हे माहीत नसणार.

मग आला अठ्ठावीस नंबरचा पत्ता. ‘तुमच्या घरी कामाला येणाऱ्या माणसासाठी चहाचा कप वेगळा असेल तर एक पाऊल पुढे.’ कोणी हललं नाही. सगळे पायाकडे बघत होते. शेवटी एका मुलीने हात वर केला, केळीचा मोठा बागायतदार आहे बाप, आणि विचारलं, “सर, वेगळा कप असणं म्हणजे पुढे की मागे?” प्रशिक्षकाने मार्गदर्शिका उघडली. तिच्यात ‘पुढे’ लिहिलं होतं. ती म्हणाली, “मला तर ते मागे वाटतं.” आणि ती एक पाऊल मागे गेली. पूर्ण दिवसात ऐकावं असं हे एकच वाक्य, आणि ते पेटीतलं नव्हतं. प्रशिक्षक ‘छान, छान’ म्हणून पुढचा पत्ता वाचायला लागला. मी असते तर तिथेच थांबले असते आणि तासभर दोरीकडे फिरकले नसते. घराच्या मागच्या दाराला, खुंटीला किंवा गोठ्याच्या कोनाड्यात ठेवलेला तो कप, राज्यघटनेतलं अस्पृश्यताबंदीचं अनुच्छेद १७ शिकवायला याहून चांगली वस्तू कुठली मिळणार?

पत्ते चाळीस झाले तेव्हा मागे एक मुलगी कंपाउंडच्या भिंतीला टेकली. टाचा भिंतीला लागल्या. पुढचा पत्ता आला, तोही मागे जायचा. ती म्हणाली, “मॅडम, मांगे जागा नही.” तिने मला विचारलं, सरांना नाही. प्रशिक्षक म्हणाला, “मग तिथेच थांब, चालेल.”

मैदानाच्या पुढच्या बाजूला दोन मोठे कडुनिंब आहेत. जे पुढे गेले ते आपोआप सावलीत. शेवटी सगळ्यांना आपापल्या जागी उभं राहून ‘आत्ता काय वाटतंय’ ते सांगायचं होतं. पुढचा मुलगा म्हणाला, गिल्टी वाटतंय. त्याच्या शेजारचाही म्हणाला, गिल्टी. हा शब्द सकाळीच स्लाइडवर शिकवून झाला होता. मग भिंतीजवळच्या मुलीला विचारलं, “तुला काय वाटतंय?”

“ऊन लागी ऱ्हायनं.”

हसले सगळे, तीसुद्धा. पण दुसऱ्या दिवशी ती आली नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी आली तेव्हा मी काही विचारलं नाही, तिनेही काही सांगितलं नाही. कापूस वेचणीचे दिवस संपले होते, त्यामुळे कामाला गेली असेल असं म्हणून मनाची समजूतही घालता येत नव्हती. एका पोरीला शेहेचाळीस जणांसमोर भिंतीपर्यंत ढकलत नेऊन पुढच्या पाच-सहा जणांना गिल्टी वाटायला लावायचं, हा धडा कोणासाठी होता, एवढं तरी मार्गदर्शिकेत लिहायला हवं होतं. छत्तीस पानांची आहे. ‘खेळ संपल्यावर काय करावं’ याला अर्धं पान, त्यात ‘टाळ्या वाजवून समारोप करावा’.

नॅकचा फोटो मात्र फार सुंदर आला.

भूमिका पत्त्यांवर फार लिहीत नाही. लोकलने घरकामाला जाणारी बाई, मॉलमधला सुरक्षारक्षक, पुण्यातल्या वसतिगृहातली ईशान्येकडची मुलगी. वाईट नाहीत, पण आमच्या मुलांना ते नाटकातले वाटले. उसाला गुजरातेत जाणारं कोयत्याचं कुटुंब एकाही पत्त्यावर नाही, सरदार सरोवराने उठवलेलं गाव नाही. महाराष्ट्रातली ३३ गावं त्या पाण्यात गेली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीतली, म्हणजे खान्देशातलीच. वनहक्कावर अर्धं पान आहे आणि ते बरोबर आहे: २००६चा कायदा, १३ डिसेंबर २००५ च्या आधीचा ताबा, जास्तीत जास्त चार हेक्टर. पावरा मुलांना ते आधीच पाठ होतं, त्यांच्या घरात ‘दावा’ हा शब्द ‘पाऊस’ या शब्दाइतका रोजचा. छपाईची एक चूक आहे, विकत घेणाऱ्यांनी पेनने दुरुस्त करावी: पान अकरावर अनुच्छेद १५ आणि १७ यांची अदलाबदल झाली आहे. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभावाला मनाई १५ मध्ये आणि अस्पृश्यता नष्ट केली ती १७ मध्ये. विद्यार्थ्याने पेपरात अशी अदलाबदल केली तर आम्ही मार्क कापतो.

पोस्टर चांगल्या कागदाची. जोतीराव, सावित्रीबाई, शाहू महाराज, बाबासाहेब, पेरियार आणि मार्टिन ल्यूथर किंग. तक्रार नाही. फक्त खान्देश कुठेच नाही, तेव्हा सातवं पोस्टर आम्ही ड्रॉइंग शीटवर केलं. त्यात साने गुरुजी घेतले, अमळनेरच्या शाळेतले मास्तर, ज्यांनी १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठल मंदिर दलितांना उघडावं म्हणून उपोषण केलं. शहाद्याचे आदिवासी नेते अंबरसिंग सुरतवंती घेतले. १९७२ मध्ये तिथे श्रमिक संघटना उभी राहिली, आणि जमिनी गेलेल्या भिल्लांनी पहिल्यांदा मालकाच्या ओट्यासमोर ताठ उभं राहून मजुरी विचारली. धुळ्याजवळच्या लळिंगचा लांडोर बंगला घेतला, जिथे बाबासाहेब राहिले होते म्हणून दरवर्षी ३१ जुलैला माणसं लोटतात. वर्गातल्या तिघांचे आजोबा दरवर्षी जातात असं निघालं. आणि बहिणाबाई. आमचं विद्यापीठ तिच्या नावाचं, आणि तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. हे लिहायचं की नाही यावर पोरांत चांगला वाद झाला, शेवटी लिहिलं.

‘कॅम्पसवर न्याय’ नावाचं एक प्रकरण आहे, त्यात यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१२ च्या समानतेच्या नियमावलीचे मुद्दे दिलेत. तडवी मुलींनी ते वाचलं आणि एकीने विचारलं, “मॅडम, पायलताईंच्या वेळेला हे होतं?” होतं. डॉ. पायल तडवी जळगावची. २२ मे २०१९ ला मुंबईत तिने आयुष्य संपवलं. जातीवरून छळ झाल्याचा आरोप घरच्यांनी केला, त्यावरून खटला उभा राहिला. तिची आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठात आत्महत्या केलेल्या रोहित वेमुलाची आई राधिका वेमुला, दोघींनी मिळून त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली, की हे २०१२ चे नियम नुसते कागदावर आहेत, ते अमलात आणा. एवढं मी सांगितलं. मग आम्ही खाली जाऊन आमच्या कॉलेजच्या फलकावर समान संधी कक्षाचा नंबर कुठे आहे ते शोधलं. सापडला. लावून बघितला. गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या सरांनी उचलला, शेतात होते, म्हणाले, “कोण?” दोन दिवसांनी फलकावर नवा नंबर लागला. पेटीतल्या कुठल्याही पत्त्यामुळे एवढं झालं नसतं. पण प्रकरण पेटीत होतं म्हणून प्रश्न आला, हे श्रेय तिला द्यायला हवं.

प्रशिक्षकाच्या भाषेबद्दलही एक गोष्ट. ‘इंटरसेक्शनॅलिटी’ हा शब्द त्याने वीसेक वेळा वापरला, मराठीत ‘आंतरछेदिता’ म्हणाला, म्हणजे अजून कठीण करून ठेवलं. मागच्या बाकावरून आवाज आला, “म्हंजे चौफुली शे ना?” प्रशिक्षकाला वाटलं थट्टा चालली आहे. थट्टा नव्हती. १९८९ मध्ये किंबर्ले क्रेनशॉ या अमेरिकेतल्या कायद्याच्या प्राध्यापिकेने हा शब्द आणला, तेव्हा तिनेही रस्त्यांच्या चौकाचंच उदाहरण दिलं होतं: चारी बाजूंनी गाड्या येतात, मधे उभ्या असलेल्या बाईला धक्का कोणत्या गाडीचा बसला हे सांगता येत नाही, कधी दोन्हींचा बसतो. जळगावची अजिंठा चौफुली ज्याने संध्याकाळी सहाला पायी ओलांडली आहे त्याला याहून जास्त काही सांगावं लागत नाही. आता आमच्या वर्गात तो शब्द चौफुली असाच आहे. एकीने सत्र परीक्षेतही तसंच लिहिलं, मी पूर्ण मार्क दिले.

आता पेटीतली सोन्यासारखी गोष्ट, जी प्रशिक्षकाने ‘वेळ उरला तर’ म्हणून शेवटी ठेवली होती. दाखल्यांची सापशिडी. एका कोपऱ्यात ‘अर्ज’, वरच्या कोपऱ्यात ‘शिष्यवृत्ती जमा’. सापांच्या तोंडावर ‘सर्व्हर डाऊन’, ‘आधारवरचं नाव वेगळं’, ‘साहेब मीटिंगला’. शिडीवर ‘ओळखीचा माणूस’. लिहिणाऱ्याने निदान एकदा तरी महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, फॉर्म भरलेला असणार.

हा मी एकटीनेच घेतला, प्रशिक्षक गेल्यावर, लुडोच्या फाशाने. गट पाडले. पाचच मिनिटांत एक पावरा मुलगा उठला. वर्षभर तो बाकावर असा बसायचा की हजेरी घेतानाच तो आहे हे कळावं. म्हणाला, “मॅडम, यात चुका आहेत.” त्याच्या मोठ्या भावाच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीच्या सगळ्या चकरा त्याने केलेल्या. खडू घेऊन फळ्यासमोर गेला आणि बोलू लागला. जमातीच्या दाखल्याला ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा लागतो. ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०. तारखा त्याने बघून नाही, तोंडपाठ सांगितल्या. मी मागे बसून मोबाइलवर तपासल्या, चारही बरोबर. मग म्हणाला, “पुरावा म्हणजे आजोबांचा शाळेचा दाखला. आमचे आजोबा शाळेत गेलेच नाहीत. शाळाच नव्हती. मग दाखला कुठून?”

वर्ग गप्प. पुढच्या बाकावरच्या पाटलाच्या मुलाने विचारलं, “मग काय केलं?” खरंच विचारलं, आवाजात गिल्टी वगैरे काही नव्हतं. मग पुढचा पाऊण तास पावरा मुलगा सांगत होता आणि बाकीचे लिहून घेत होते. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र, चुलत आजोबांच्या जन्म-मृत्यू नोंदीचा उतारा, मोडी वाचणारा म्हातारा शोधायला तालुक्याला केलेल्या चार खेपा, आणि नोंदीत आडनावाच्या जागी नुसतं गावाचं नाव. कोळी मुलं तर वह्या घेऊन त्याच्या बाकाभोवतीच जाऊन बसली, त्यांच्या घराघरांत व्हॅलिडिटीचं, म्हणजे जात पडताळणीचं, घोडं अडलेलं. हा मुलगा दोरीच्या खेळात भिंतीपासून दोन पावलांवर होता.

कोरे पत्ते तेव्हा बाहेर काढले. तीसच्या तीस दोन तासांत संपले. पोरांनी नवे साप लिहिले: ‘आजोबा शाळेत गेले नाहीत’, ‘लग्नानंतर नाव बदललं, दाखल्यावर माहेरचं’, ‘आईचा अंगठा मशीनला लागत नाही, कापूस वेचून रेषा गेल्या’, ‘वडील उसाला बारडोलीला, सही कोण करणार’. नव्या शिड्याही लिहिल्या, त्यातली एक ‘वर्गातला मित्र ज्याने आधी फॉर्म भरलाय’. एक शिडी मुलींनी खोडली: ‘ओळखीचा माणूस’. त्यांचं म्हणणं, ही शिडी नाही, साप आहे, वर नेतो आणि मग आयुष्यभर फोन करतो. मी दोन्ही बाजूंना चिकटवून ठेवलं.

दोरीचा खेळ आता मी बसूनच घेते. वीस-वीस सरक्या प्रत्येकाच्या मुठीत, डोळे मिटून पाऊल पत्ते ऐकायचे, लागू असेल तर एक सरकी डब्यात. डबा सगळ्यांचा एक. नंतर ढीग मोजायचा. कोणाची किती कोणाला कळत नाही, वर्गाचं मिळून किती ते कळतं. सरकी जिनिंगवाल्याकडून फुकट मिळते. वीस मीटरची दोरी स्नेहसंमेलनाच्या मंडपाला वापरली गेली, फार मजबूत निघाली.

तर घ्यायची असेल पेटी तर प्रशिक्षकाचे बारा हजार वाचवा, सापशिडीसाठी घ्या. पाचपैकी तीन तारे, त्यातले अडीच त्या पटाचे.

कोरे पत्ते वेगळे मिळतात का म्हणून मी विक्रेत्याला विचारलं. ‘सध्या नाही ताई, पूर्ण संच घ्यावा लागेल.’ म्हणून बाजारपेठेतल्या प्रेसवाल्याकडे गेले, जाड कागद कापून द्या म्हटलं. हंगाम लग्नाचा, त्याच्याकडे चुकलेल्या पत्रिकांचा गठ्ठा पडला होता, एका बाजूला कोऱ्या. “न्या मॅडम, रद्दीतच जाणार होत्या.” पैसे घेतले नाहीत, कापून मात्र बरोबर मापाने दिल्या. आता आमच्या सापांच्या पाठीवर सोनेरी गणपती आहे, आणि काहींवर ‘आपली उपस्थिती प्रार्थनीय’.